दुकानाच्या वहीला राखणदार हवा, मालक नको

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, घोडेगाव आणि मंचर येथील बाजारपेठांकडे जरा लक्ष देऊन पाहिले तर एक बदल सहज ध्यानात येतो. दुकान भाजीचे असो, भांड्यांचे असो, गादीवाल्याचे असो की वेल्डिंगचे, गल्ल्यापाशी क्यूआरची पाटी लागलेली आहे. छताला कॅमेरा आहे. दुकान थोडे मोठे असले तर बिले काढणारा संगणक आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि नोंदणी असलेल्यांची विवरणपत्रे ऑनलाइन जाऊ लागली. बाहेरगावी माल पाठवताना ई-वे बिलही तेथेच काढावे लागते. कोणी ठरवून केले नाही, पण आमचा जवळजवळ प्रत्येक व्यापारी आता एका छोट्याशा संगणक-खात्याचा मालक होऊन बसला आहे.

या खात्याची देखभाल कोण करतो? खरे उत्तर असे आहे की कोणीच करत नाही. संगणक बंद पडला की दुरुस्तीवाल्या मुलाला फोन करायचा आणि तो येईपर्यंत बिले हाताने लिहायची, ही आपली रीत. बॅकअप घेतला जात होता की नाही, हे हार्ड डिस्क गेल्यावर कळते. पासवर्ड दुकानातल्या सगळ्या नोकरांना ठाऊक असतो आणि काम सोडून गेलेल्या नोकरालाही तो ठाऊकच राहतो. दुकानाच्या दाराला दोन कुलपे लावणारा माणूस दहा वर्षांचा हिशेब उघड्यावर टाकून घरी जातो.

अशा वेळी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे विक्रेते दारात येऊ लागले आहेत. ‘एआय घ्या, हिशेब आपोआप होईल, माणूस लागणार नाही,’ असे ते सांगतात. काही बांधव या शब्दाला भिऊन दूर राहतात, तर काही जण शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतात. आमचे मत थोडक्यात असे आहे : ही बुद्धिमत्ता राखणदार म्हणून अवश्य ठेवावी, पण वहीची मालकी आणि किल्ली तिच्या हाती देऊ नये. आणि राखणदार ठेवण्याआधी राखण्याजोगी वही तयार करावी. असे का, ते पुढे मांडतो.

भोंगा वाजवणे आणि शेळ्या आत घेणे

ही बुद्धिमत्ता काय करते हे समजण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर किती आहे हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. ऊसाच्या शेतांतून बिबट्या वस्तीपर्यंत येतो. अलीकडे या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे आणि भोंगे बसवण्यात आले आहेत. कॅमेऱ्यासमोरून कुत्रे जाते, गाय जाते, माणूस जातो आणि एखाद्या रात्री बिबट्याही जातो. हजारो चित्रांतून बिबट्याचे चित्र ओळखायचे आणि भोंगा वाजवायचा, एवढेच त्या यंत्राचे काम. यंत्र बिबट्याला पकडत नाही. शेळ्या आत घेणे, पोरांना घरात बोलावणे आणि वनखात्याला फोन करणे ही कामे माणसालाच करावी लागतात. भोंगा ऐकून कोणी उठलेच नाही, तर यंत्र असून नसल्यासारखे.

मोठ्या कंपन्या व बँका आपल्या संगणकांसाठी हेच करतात. प्रत्येक संगणक दिवसभर स्वतःची एक रोजनिशी लिहीत असतो : कोण आत आले, किती वाजता आले, कोणती नोंद बदलली, कोणते काम अडकले, डिस्क किती भरली. अशा लाखो ओळी रोज जमतात. त्या वाचणे माणसाच्या आवाक्यात नाही. यंत्र त्या वाचते, नेहमीचा दिवस कसा असतो हे शिकते आणि काही वेगळे घडले की इशारा देते. गेल्या आठ-दहा वर्षांत या कामाला स्वतंत्र नाव पडले आहे आणि त्याचा मोठा धंदा झाला आहे.

खोडदला उभ्या असलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचे कामही दुरून पाहता असेच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून आलेला क्षीण संदेश माणसांनी केलेल्या रेडिओ-गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी झटत असतात. गोंगाट पुष्कळ आणि कामाची गोष्ट थोडी, ही अडचण खोडदच्या शास्त्रज्ञांना आहे आणि नारायणगावच्या आडतदारालाही आहे.

आपल्या दुकानात याचा उपयोग कोणता

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे उदाहरण घेऊ. हंगामात पहाटेपासून क्रेट उतरू लागतात. शेतकऱ्याची पट्टी, गिऱ्हाइकाचे बिल, हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि शेवटी रिकाम्या क्रेटचा हिशेब. कोणाकडे किती क्रेट गेले आणि किती परत आले, यावरून किती भांडणे होतात हे सांगायला नको. या नोंदी संगणकावर नीट चढवल्या असतील तर यंत्र रात्री त्या तपासून सकाळी चार ओळींत सांगू शकते : अमुक पट्टी दोनदा चढली आहे, अमुक गिऱ्हाइकाकडे नेहमीपेक्षा फार जास्त क्रेट राहिले आहेत, अमुक बिलातील वजन आणि क्रेटची संख्या यांचा मेळ बसत नाही.

दुसरा उपयोग पैशांच्या मेळाचा. ध्वनिपेटी ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असे ओरडते, पण ती पेटी म्हणजे बँकेचे खाते नव्हे. खोटी पावती मोबाईलवर दाखवून माल नेणारे भामटे सगळीकडे आहेत. दिवसभराची बिले आणि खात्यात खरोखर जमा झालेली रक्कम यांचा रोज रात्री मेळ घालणे हे काम यंत्राला सांगितले, तर ते कंटाळत नाही आणि विसरत नाही.

तिसरा उपयोग संगणकाच्या प्रकृतीचा. डिस्क भरत आली, काल रात्रीचा बॅकअप झाला नाही, कॅमेऱ्याचे चित्रण तीन दिवसांपासून थांबले आहे, रात्री दोन वाजता कोणीतरी बिलांच्या संगणकात शिरले होते, या गोष्टी बिघाड होण्याआधी कळल्या तर हंगामाचा दिवस वाया जात नाही. टोमॅटोच्या धंद्यात वाया गेलेला दिवस परत मिळत नाही, कारण माल थांबत नाही.

कारागिरांसाठी उपयोग निराळा आहे. फर्निचरचा मिस्त्री, वेल्डर, शिंपी यांच्या ऑर्डरी बहुधा तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर बोलून येतात. माप एका संदेशात, रंग दुसऱ्यात, आगाऊ रक्कम तिसऱ्यात. नंतर वाद झाला की सापडत काही नाही. बोललेले मराठी लिहून काढणारी साधने आता मोबाईलवरच आहेत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही भारतीय भाषांसाठी, मराठी व उर्दूसह, चालू आहे. बोललेली ऑर्डर लिहून घ्यायची, तिच्यातून माप, दर, मुदत व आगाऊ रक्कम वेगळी काढून गिऱ्हाइकाला परत पाठवायची आणि त्याने ‘होय’ म्हटल्यावरच काम हाती घ्यायचे. एवढ्यानेच निम्मे तंटे मिटतील.

राखण नसली की काय होते

‘आमच्यासारख्या लहान माणसाकडे कोण येतो?’ असे कोणी म्हणेल. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर काय गुदरले ते आठवावे. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्याकडे वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरात गेली. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून पैसे देण्यास मंजुरी देणारी व्यवस्थाच बनावट उभी केली होती. एका पुणेरी सहकारी बँकेच्या खातेदारांची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत चालतात, हे नेहमीचे नव्हे, एवढे सांगायला फार अक्कल लागत नाही. पण त्या घटकेला भोंगा वाजवणारे आणि तो ऐकणारे कोणीतरी असावे लागते.

दुसरा दाखला ३१ जुलै २०२४ चा. लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून देशाची पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाने त्या कंपनीला तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत सहकारी व ग्रामीण बँकांचे, ग्राहक त्या काळात यूपीआय वापरू शकले नाहीत. व्यापाऱ्याने यात काहीही चूक केली नव्हती. तरी ज्याचे सगळे पैसे एकाच खात्यातून आणि एकाच क्यूआरवर येत होते, त्याचा धंदा त्या दिवशी अडला. म्हणून दोन निरनिराळ्या बँकांत खाती आणि दोन पाट्या ठेवणे हा साधा शहाणपणा आहे. त्याला कोणत्याही बुद्धिमत्तेचा खर्च लागत नाही.

राखणदारच पडला तर

आता दुसरी बाजू पाहू. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोज संगणक एकाएकी निळे पडून बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ही संख्या ८५ लाख होती. हा कोणा चोराचा हल्ला नव्हता. संगणकांचे रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळे ते घडले. विमाने थांबली, रुग्णालये अडली आणि आपल्या देशात हैदराबादला प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. राखणदाराला घराच्या प्रत्येक खोलीची किल्ली दिलेली होती आणि त्याचाच पाय घसरला.

यातून घ्यायचा धडा असा की इशारा देण्याचा अधिकार यंत्राला द्यावा, पण नोंद पुसण्याचा, बिल बदलण्याचा आणि पैसे पाठवण्याचा अधिकार देऊ नये. विक्रेता जेव्हा म्हणतो, ‘सगळे आपोआप होईल’, तेव्हा त्याला विचारावे : आपोआप काय होईल? सांगणे आपोआप होईल की करणे? सांगण्यापुरते असेल तर घ्या. करण्यापर्यंत असेल तर थांबा.

शिवाय यंत्राला जे वेगळे वाटते ते खोटेच असते असे नाही. जुलै २०२३ मध्ये आमच्या भागात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. आधीच्या वर्षांच्या भावांवर शिकलेल्या यंत्राने त्या दिवशीच्या बहुतेक सगळ्या पट्ट्यांवर लाल खूण केली असती. त्या पट्ट्या खऱ्या होत्या. पुढे थोड्याच आठवड्यांत भाव कोसळला, तेव्हा पुन्हा तीच गत. बाजारात उभा असलेला माणूस एका नजरेत सांगू शकतो की आज आवक कमी आहे म्हणून भाव चढला आहे. यंत्राला ती नजर नाही. त्याच्यापाशी फक्त काल लिहिलेले आकडे आहेत.

प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या बुद्धिमत्तेचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आणि मुख्यतः ५ व १८ टक्के असे दोन टप्पे राहिले. जुन्या मजकुरावर शिकलेले यंत्र अजूनही ठामपणे जुना दर सांगू शकते आणि त्याच्या भाषेत चाचरणे नसते. ज्या बिलाखाली आपली सही जाते त्याचा दंड आपल्यालाच भरावा लागतो, यंत्राला नोटीस येत नाही. कराचा दर, परवान्याची मुदत, कायद्याचे कलम या गोष्टी सरकारी संकेतस्थळावरून किंवा आपल्या कर सल्लागाराकडून ताडून घेतल्याशिवाय वापरू नयेत.

वही कोणाची?

येथे जुन्नरच्याच एका जुन्या धंद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. तो बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर. पेशवाईत जुन्नरहून कागदी पुण्यास आणून वसवले गेले आणि कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्यांच्यामुळेच पडले. राज्याचा हिशेब, जमिनीच्या सनदा, सावकाराच्या वह्या यांना लागणारा कागद या हातांनी घडवला. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचा बाजार उठला.

या इतिहासावर हळहळून आज कोणाचे पोट भरणार नाही. पण एक गोष्ट त्यातून शिकता येते. त्या काळी कागद कागद्याचा असला तरी त्यावर लिहिलेली वही ज्याची त्याच्या घरात, पेटीत, कुलपात राहत असे. आज लिहिणारे आपण आहोत आणि वही मात्र दुसऱ्याच्या घरी आहे. उधारी लिहिण्याचे फुकट ॲप घेतले, की कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाकी आहे, कोण वेळेवर देतो आणि कोण लांबवतो, ही सारी माहिती दूरच्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. उद्या ते ॲप बंद झाले, त्याचे दर वाढले किंवा त्याच माहितीच्या जोरावर कोणी आपल्याच गिऱ्हाइकाला कर्ज विकू लागले, तर आपण काय करणार? फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी, कधीतरी वसूल करतोच.

गिऱ्हाइकाचे नाव, त्याचा नंबर आणि त्याची बाकी ही आपल्यापाशी असलेली अमानत आहे. दुकानातला नोकर बाकीदारांची यादी चौकात वाचून दाखवू लागला तर आपण त्याला कामावर ठेवू का? मग तीच यादी जशीच्या तशी एखाद्या फुकट एआयला चिकटवून ‘यातले वसुलीचे बघ’ असे सांगणे योग्य कसे ठरेल? कायदाही आता या बाजूने उभा राहत आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पण आमच्या व्यापारी बांधवांनी कायद्याच्या भीतीची वाट पाहू नये. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार असावेत, ही शिकवण आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. लिहिण्याचे साधन बदलले म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी बदलत नाही.

समोरचा माणूस बदलतो आहे

‘आजवर चालले तसे चालेल’ या समजुतीतही धोका आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ चे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. बारामतीत ऊसाच्या शेतीवर असे प्रयोग आधीच चालू झालेले आहेत. म्हणजे उद्या माल घेऊन येणारा शेतकरी हातात वाशीचा, नाशिकचा आणि मंचरचा भाव घेऊन येणार आहे. त्याची स्वतःची नोंद नीट असेल आणि आमच्या आडतीवर त्याची मागची पट्टी सापडत नसेल, तर तो दुसऱ्या गाळ्यावर जाईल. या धंद्यात शब्दाला किंमत आहे आणि शब्दाच्या मागे नोंद असली की ती किंमत टिकते.

नोकर-मुनिमांच्या रोजीचा प्रश्नही येथे आहे. यंत्र आले की माणूस काढायचा, हा हिशेब कागदावर फायद्याचा दिसतो. पण भोंगा वाजला तर उठणार कोण? ज्या मुलाला दहा वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाचा स्वभाव ठाऊक झाला आहे, त्यालाच सकाळचा इशारा वाचायला बसवावे. नोंदी चढवण्याचा त्याचा वेळ वाचेल तो वसुलीला, गिऱ्हाइकाला आणि मालाच्या देखरेखीला द्यावा. घरातल्या शिकलेल्या मुलींनाही हे काम उत्तम जमते. त्यासाठी त्यांना बाजारात यावे लागत नाही, हिशेब घरच्या घरी तपासता येतो. आपल्या कित्येक घरांत बी.कॉम. झालेली मुलगी आहे आणि दुकानाचा हिशेब मात्र बाहेरचा माणूस पाहतो, याचा विचार व्हावा.

करायचे काय?

पहिले काम वही नीट करण्याचे. एका गिऱ्हाइकाचे नाव तीन तऱ्हेने लिहिलेले असेल, तर यंत्राला ती तीन माणसे वाटतात. नावे, वस्तू आणि मापे एकाच तऱ्हेने लिहायची सवय लावावी. याला महिना-दोन महिने लागतील. तेवढे झाल्याशिवाय कोणतेही एआय विकत घेऊ नये. गढूळ पाणी कोणत्याही भांड्यात ओतले तरी गढूळच राहते.

दुसरे काम बॅकअपचे. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर, घरी किंवा ऑनलाइन. डिस्क काम झाले की काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

तिसरे काम किल्ल्यांचे. प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. काम सोडणाऱ्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद कोणी व केव्हा बदलली हे टिपणारी सोय असते, ती चालू ठेवावी. कंपन्यांना ती १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला सक्ती नसली तरी फायदा तेवढाच आहे, कारण यंत्राला वाचायला रोजनिशी तेथेच मिळते.

हे सारे झाल्यावर चौथे काम राखणदार निवडण्याचे. एकेकट्याने घेतले तर ते महाग पडेल आणि विक्रेता सांगेल ते ऐकावे लागेल. म्हणून एका पेठेतल्या आठ-दहा दुकानदारांनी मिळून एक जाणता तरुण महिन्याच्या कराराने ठेवावा. त्याने प्रत्येक दुकानाची यंत्रणा पाहावी, सकाळचे इशारे तपासावेत आणि महिन्याला एक पानाचा अहवाल द्यावा. दुकाने स्पर्धक असतील, तर हिशेबातील आकडे त्याला न दाखवताही संगणकाची प्रकृती पाहता येते, तेवढी अट करारात घालावी. विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत : आमची माहिती कोठे राहील? ती तुम्ही दुसऱ्या कशासाठी वापराल का? आम्ही सेवा सोडली तर सारी माहिती आम्हाला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल का? आणि वीज किंवा नेटवर्क नसताना आमचे बिल निघेल का? चौथा प्रश्न आमच्या पश्चिम पट्ट्यातील बांधवांनी मुद्दाम विचारावा. तेथे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा कितीसा असतो हे त्यांना ठाऊक आहे. उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर व्यवहार करू नये.

आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच घटकेला कळवावे.

आमच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी नव्या साधनांना कधी पाठ दाखवलेली नाही. तराजूच्या जागी वजनकाटा आला, हातमशिनला मोटर लागली, हातभात्याच्या जागी विजेचा पंखा आला. प्रत्येक वेळी हात तेच राहिले आणि साधन बदलले. या खेपेसही तसेच व्हावे. यंत्राने रात्रभर जागावे आणि सकाळी काय पाहिले ते सांगावे. त्यावर काय करायचे, कोणाची बाकी सोडायची, कोणाला आणखी आठ दिवस द्यायचे आणि कोणत्या भावाला माल घ्यायचा, हे मालकाने ठरवावे आणि आपल्या सहीने ठरवावे. या महिन्यात एवढे तरी करावे : आज रात्री दुकान बंद करण्याआधी हिशेबाची एक प्रत काढून घरी न्यावी आणि ती उघडते की नाही, हे स्वतः पाहावे.